शेवटचं लाल पान

ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे 'थांबाकाका' म्हणायचे. त्यात कुचेष्टा होती हे मी कबूल करते, कारण ते नाव चारचौघांत फिरवण्यात माझाही हात होता. कोणी कोडमधली एखादी ओळ बदलायला घेतली की हा माणूस खुर्चीतून अर्धवट उठायचा आणि म्हणायचा, "थांबा." मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर, मग ती ओळ तीनदा वाचायची, मग "ही कशासाठी आहे ते माहीत आहे का?" असं विचारायचं. तोवर समोरच्याचा चहा गार आणि डोकं गरम.

आमची कंपनी डायलिसिसची यंत्रं बनवायची. किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त एका नळीतून बाहेर काढायचं, धुवायचं आणि दुसऱ्या नळीतून परत आत सोडायचं, चार तास, आठवड्यातून तीनदा. यंत्राच्या पोटात पंप, झडपा, सेन्सर, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा आमचा प्रोग्राम. हा प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला असता तर बरं झालं असतं. पण पंचवीस वर्षांत ज्याला जी भाषा आवडली त्याने ती आणून बसवली. तळाशी थेट चिपशी बोलणारी जुनी भाषा, तिच्यावर सी, तिच्यावर पडद्यावरची बटणं सांभाळणारी पास्कल, आणि सगळ्यात वर नव्या पोरांची पायथन. चार जावा एका घरात नांदाव्यात आणि एकमेकींशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलाव्यात, तशी गत. त्या चौघींचंही म्हणणं कळणारा माणूस एकच होता, काका.

त्यातून आम्हाला एक वाईट खोड लागली. कोड वाचताना एखादं फंक्शन कळलं नाही की त्याच्यावर टीप लिहायची, 'काकांना विचारा.' आणि पुढे जायचं. मीही लिहिल्या. काका स्वतःही घाईत असले की तेच लिहायचे, खाली सही आणि तारीख टाकून. माणूस जागेवर होता, विचारलं की सांगत होता, मग लिहितंय कोण?

मग कंपनी विकायची ठरली. घेणाऱ्यांनी सांगितलं, आम्हाला आधी संपूर्ण डॉक्युमेंटेशन दाखवा. ते काम माझ्याकडे आलं. मी एक टूल बसवलं. ते चारही भाषांतली फंक्शनं चाळायचं, प्रत्येकावरची टीप उचलायचं आणि तिचं एक पान तयार करायचं. टीप असली की पान हिरवं, नसली की लाल. महिनाभर खपून मी सगळं हिरवंगार केलं आणि साहेबांनी मोठ्या ऐटीत ते पाहुण्यांसमोर पडद्यावर लावलं. पाहुण्यांनी मधलंच एक पान उघडायला सांगितलं. त्यावर लिहिलं होतं, 'काकांना विचारा.' दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. टूल बिचारं आंधळं. टीप आहे एवढंच त्याला दिसत होतं, टिपेत काय आहे ते नाही. अशी पानं निघाली एकशे त्रेचाळीस.

पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, "हे काका म्हणजे कोणतं सॉफ्टवेअर?" खोलीत हशा पिकला. साहेब सोडून सगळे हसले.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "ही सगळी पानं लाल कर. त्या माणसाला समोर बसव आणि त्याच्या डोक्यातलं सगळं उतरवून घे. शेवटचं पान हिरवं झालं की त्याची जागा रद्द होणार आहे. ते करारातच आहे. त्याला सांगायची गरज नाही."

सांगायची गरज नव्हतीच. काकांना कळलं होतं. ऑफिसच्या शिपायापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. आणि यात नुसत्या नोकरीचा प्रश्न नव्हता. काकू, म्हणजे काकांची बायको, स्वतः तीन वर्षं डायलिसिसवर होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. खर्च कंपनीच्या विम्यातून. नियम असा होता की साठ पूर्ण करून निवृत्त झालेल्याच्या बायकोचा उपचार कंपनी शेवटपर्यंत करणार, आणि त्याआधी काढलेल्याचा त्याच महिन्यात बंद. काकांना साठ पूर्ण व्हायला चौदा महिने होते. लाल पानं होती एकशे त्रेचाळीस.

कोणीही शहाणा माणूस काय करेल? दर महिन्याला दहा पानं भरेल आणि आजारपणाच्या रजा टाकेल. मी तर मनातून तसंच धरून चालले होते. पण काका दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला चाचणीच्या खोलीत हजर. हातात दोन पेनं, खांद्याला ती जुनी कापडी पिशवी. खोलीत एका यंत्रातून मिठाचं पाणी दिवसभर फिरत असायचं, त्याच्या घरघरीशेजारी आम्ही दोन खुर्च्या टाकल्या.

"काढ पहिलं," ते म्हणाले.

ते सांगायचे, मी लिहायची. एकेका ओळीमागे एकेक प्रसंग निघायचा. हा आकडा तेवीस का? कारण थंडीत एका दवाखान्यात पाणी वेळेत तापलं नाही आणि रोगी कुडकुडले. ही तपासणी दोनदा का? कारण पहिल्यांदा केली तेव्हा वीज गेली होती. मी मधेच 'बहुधा' असा शब्द लिहिला की त्यांचं बोट पडद्यावर यायचं.

"बहुधा कशाला? माहीत असेल तर लिही. नसेल तर 'माहीत नाही' असं लिही. अर्धवट टीप वाईट. तिच्यापेक्षा कोरी जागा बरी, कोरी जागा बघून माणूस निदान घाबरतो."

रोज तीन-चार पानं हिरवी होत होती. भिंतीवरच्या पडद्यावर उरलेला आकडा दिसायचा आणि जाता-येता लोक तो बघायचे. मला राहवलं नाही. एक दिवस म्हटलं, "काका, एवढी घाई काय आहे?"

"घाई कुठे आहे?" ते म्हणाले. "कामाला लागतो तेवढाच वेळ लागतोय." आणि पुढचं पान काढायला सांगितलं.

एकदा कागद घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, खिडकीजवळ काकूंची खाट. काकू पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या, आवाज अजून तसाच खणखणीत. उशाशी पाण्याची बाटली, तिच्यावर पेनाने आखलेल्या रेघा. दिवसाला किती प्यायचं त्याची मापं.

"बस," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पाणी मोजून मिळतं, गप्पा न मोजता." मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज जरासुद्धा न उतरवता म्हणाल्या, "हा माणूस स्वतःच्याच खुर्चीचे पाय कापतोय, तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, अहो, निदान हळू कापा. तर म्हणतात, अर्धी कापलेली खुर्ची जास्त धोक्याची."

काका आतून चहा घेऊन आले. "काय सांगतेयस तिला?"

"तुमचं कौतुक," काकू म्हणाल्या.

मी चहा कसाबसा संपवला. त्या घरात मला बसवत नव्हतं.

नवव्या आठवड्यात एकच लाल पान उरलं. तळच्या जुन्या भाषेतलं, जेमतेम सहा ओळींचं. नळीत हवेचा बुडबुडा दिसला की यंत्र बोंब मारतं आणि पंप थांबतो. नर्स बघते, हवा काढते, बटण दाबते आणि पंप परत सुरू होतो. या सहा ओळी एवढंच करत होत्या की बटण दाबल्यावरही पंप आणखी सात सेकंद थांबवून धरायचा. वर टीप होती, 'काढू नये. काकांना विचारा.' खाली अठरा वर्षांपूर्वीची तारीख आणि खुद्द काकांची सही.

काकांनी ती टीप वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "आठवत नाही."

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला हायसं वाटलं. म्हटलं, अखेर या माणसाला शहाणपण सुचलं. शेवटचं पान उरलेले बारा महिने दाबून धरायचं आणि काकूंचं निभावून न्यायचं. ऑफिसातही सगळ्यांनी तेच धरलं. कोणी म्हणालं, म्हातारा दिसतो तेवढा साधा नाही. कोणी जाता जाता डोळा मारला. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते माळ्यावरची जुनी खोकी काढून कागद चाळत बसायचे. निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञाला फोन करून झाला. चाचणीच्या यंत्रात स्वतःच्या हाताने बुडबुडे सोडून घड्याळ लावून बसायचे. मला ते सगळं नाटक वाटलं, आणि नाटक छान वठतंय म्हणून मनातल्या मनात दादही दिली.

तीन आठवडे असे गेले. मग साहेबांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, विक्रीच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या.

"एक पान अडलंय म्हणे."

मी म्हटलं, "काकांना खरंच आठवत नाहीये. 'माहीत नाही' असं लिहून पान हिरवं करू का?"

"रोग्याच्या रक्ताच्या पंपाबद्दल आम्हाला माहीत नाही, असं घेणाऱ्यांना दाखवू?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला एवढ्या वर्षांत काहीच कळलं नाही का? सात सेकंद कशाला असतील ते सांगता येत नाही? नवी यादी मीच करतोय, कोण राहणार आणि कोण जाणार त्याची. आज दुपारपर्यंत हिरवं पाहिजे."

पाण्यात राहून माशाशी वैर करायची माझी छाती नव्हती. घरी आई होती आणि माझ्याशिवाय तिला कोणी नव्हतं. पण हे कारण मी आता पुढे करते, त्या दिवशी आईची आठवणसुद्धा झाली नव्हती. मला फक्त त्या केबिनमधून बाहेर पडायचं होतं. मी जागेवर आले आणि लिहिलं, 'बुडबुडा ओळखणारा सेन्सर स्थिरावण्यासाठी सात सेकंदांचा अवधी.' वाक्य चांगलं जमलं. अगदी खरं वाटत होतं. टूलला 'माहिती देणारा' असा एक रकाना भरावाच लागायचा. आधीच्या एकशे बेचाळीस पानांवर जे नाव होतं तेच मी भरलं. पान हिरवं झालं, भिंतीवर शून्य आलं. दुपारी साहेबांनी केक मागवला.

काका त्या दिवशी काकूंना तपासणीला घेऊन गेले होते. शुक्रवारी सकाळी आले, पिशवी ठेवली, पडद्याकडे बघितलं आणि जवळजवळ धावत माझ्याकडे आले.

"सापडलं? कुणाला सापडलं? काय होतं गं ते?"

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. लहान मुलाला कोड्याचं उत्तर ऐकायची घाई असते, तसा. त्या क्षणी मला कळलं की नाटक नव्हतं. या माणसाला खरोखरच आठवत नव्हतं, आणि नोकरी, विमा, काकू, सगळं त्या पानाला टांगलेलं असताना तो तीन आठवडे ते उत्तर जीव तोडून शोधत होता.

मी पान उघडून दाखवलं. त्यांनी वाक्य वाचलं, थोडा विचार केला. "सेन्सर तर अर्ध्या सेकंदात स्थिर होतो," ते म्हणाले. मग त्यांना खालचं नाव दिसलं. "हे मी सांगितलं?"

मी पान बंद करायला गेले.

"हे पुसायला पाहिजे," ते म्हणाले. "उद्या कोणी नवा सेन्सर बसवेल, म्हणेल आता सात सेकंदांची गरज नाही, आणि काढून टाकेल. मी सांगितलंय म्हटल्यावर शंकाही घेणार नाही." आणि ते थेट साहेबांच्या केबिनकडे गेले.

पाच मिनिटांत मला आत बोलावणं आलं. काका उभे होते. साहेबांचा आवाज एकदम मऊ होता, तो असा मऊ झाला की मला भीती वाटायची.

"काका, वहिनींची काळजी आम्हालाही आहे. तुमच्या जागी मी असतो तर मलाही एखादं पान उघडं राहावंसं वाटलं असतं. कोणीही समजू शकेल. पण सह्या दुपारी आहेत." मग माझ्याकडे वळून, "ही टीप काकांनीच सांगितली होती ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझं उत्तर काय येणार हे त्यांना दिसत असावं, आणि ते देताना मी त्यांच्या नजरेला पडू नये एवढी सोय त्यांनी करून दिली.

"हो," मी म्हणाले.

गरज सरो, वैद्य मरो. बारा दिवसांनी काकांना पत्र मिळालं. त्यांनी टेबल आवरलं, दोन पेनं खिशाला लावली, सगळ्यांचा निरोप घेतला. माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं. पलीकडे कोणीही नव्हतं.

पुढचं मला इतरांकडून कळत गेलं. महिनाअखेर विमा बंद झाला. काकूंचं नाव सरकारी दवाखान्यात लागलं, पण तिथे रांग मोठी आणि यंत्रं थोडी, म्हणून आठवड्याला तीनऐवजी दोनच वेळा. अंगात पाणी साठायला लागलं. तीन मजले चढवेनात, म्हणून काका त्यांना खुर्चीत बसवून शेजाऱ्याच्या मदतीने वर न्यायचे. मी भेटायला जायचं ठरवायची आणि दर रविवारी काहीतरी काम काढायची. असे पाच महिने काढले मी.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. आवाज नेहमीचाच.

"कामात आहेस का? लिहून घे. सात सेकंदांचं सापडलं."

मी वही ओढली.

"सरकारी दवाखान्यात आपलंच यंत्र आहे, जुनं मॉडेल. हिच्या नळीत बुडबुडा आला, यंत्र ओरडलं. नर्स आली. आपल्या पुस्तकात काय लिहिलंय? हवा काढताना नळीवर हाताने लावलेला चिमटा आधी काढा, मग बटण दाबा. पण तिला एकटीला आठ खाटा बघायच्या. तिने आधी बटण दाबलं आणि मग दोन्ही हातांनी चिमटा सोडवायला घेतला. सगळ्याच तसं करतात, मी नंतर दोन दिवस बसून बघितलं. चिमटा घट्ट असतो, सोडवायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात पंप फिरला तर रक्ताला वाट नाही, नळी फुटते. ते बघितलं आणि मला आठवलं. अठरा वर्षांपूर्वी एका नर्सनेच फोन करून सांगितलं होतं. मी ओळी घातल्या आणि टीप उद्या लिहू म्हटलं. चूक माझीच."

मी सगळं लिहून घेतलं. त्यांनी मला ते परत वाचायला लावलं. एका ठिकाणी मी 'बहुतेक नर्सेस' लिहिलं होतं, तिथे 'मी पाहिलेल्या नऊ नर्सेस' असं करून घेतलं.

त्या पानाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. नव्या मालकांनी नवा सेन्सर आणला होता आणि माझं ते सुंदर वाक्य वाचून सातचा एक करायचं ठरवलं होतं. यंत्रं अजून बाहेर पडली नव्हती. मी जाऊन सांगितलं की आधीची टीप खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे. सात सेकंद राहिले. मी राहिले नाही. साहेब अजून तिथेच आहेत, बढतीवर.

पण त्या फोनच्या वेळी हे सगळं व्हायचं होतं. वाचून झाल्यावर मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

"ती गेली," काका म्हणाले. "मंगळवारी नऊ दिवस झाले."

सापडलेलं सांगायला काका थांबणारे नव्हते, म्हणजे तो बुडबुडा काकूंच्या शेवटच्या एक-दोन डायलिसिसमधला असणार. आणि त्यानंतरचे दोन दिवस हा माणूस त्या वॉर्डात बसून दुसऱ्यांच्या खाटांजवळच्या नर्सेसचे हात बघत होता. मला हुंदका आला. मी म्हटलं, "काका, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"हो."

"तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"मला राग आला होता," ते म्हणाले. "अजून आहे. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हटलं, ती पोर नुसतं नाही म्हणाली असती तर तुझं डायलिसिस चालू राहिलं असतं. ही म्हणाली, एवढीशी पोर, घाबरली असेल. तिला बोलवा एकदा घरी, मी बोलते तिच्याशी. मग रोज विचारायची, आली का म्हणून. शेवटपर्यंत विचारत होती."